रीडिंग जुळत नाही म्हणून सायन्स सोडू का?

या वेळचं पत्र सिंधुदुर्गातल्या एका मुलीचं आहे. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावी-बारावीची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकलं बहुतेक सरांनी टेबलावर करून दाखवलेली आणि मुलांनी लांबून पाहिलेली. घर देवगडच्या बाजूला, कॉलेज लांब, त्यामुळे पहाटेची एस.टी. पकडावी लागते. वडील दुसऱ्याच्या हापूसच्या बागेत कामाला आहेत. प्रॅक्टिकलला दोघींची जोडी असते. जोडीदारीण चटपटीत आहे, सगळं तीच करते आणि ही आकडे लिहून घेते. चतुर्थीच्या सुट्टीनंतर जोडीदारीण आली नाही, त्या मंगळवारी हिने पहिल्यांदा एकटीने टायट्रेशन केलं, म्हणजे एक द्रावण थेंब थेंब सोडत दुसऱ्याला ते किती लागतं ते मोजलं. ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली नळ असलेल्या उभ्या मोजनळीत, सोडियम हायड्रॉक्साइड (लॅबच्या बोलण्यात नुसता 'सोडा'), फ्लास्कमध्ये १० मिली ऑक्झॅलिक ॲसिड. रीडिंग आलं १०.९, ११.१, ११.१. बाकी सगळ्या बॅचचं १०.२. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुठून आणलंस?" आणि आकड्यांवर लाल काट मारली. पुढच्या आठवड्यात हिने मैत्रिणीच्या जर्नलमधले आकडे उतरवले, तर मिनिटभरात सही मिळाली. त्यातच एक पिपेट, म्हणजे द्रावण मोजून उचलायची काचेची नळी, फुटली. तिचे पैसे डिपॉझिटमधून जाणार आहेत आणि घरी अजून सांगितलेलं नाही. ती विचारते : "मॅडम, माझ्या हाताला प्रॅक्टिकल येतच नाही. सेमिस्टर संपलं की आर्ट्सला जाऊ का? आणि तोपर्यंत जर्नलमध्ये खरं रीडिंग लिहू की जुळणारं?" पत्राच्या खाली, नाव लिहून झाल्यावर, आणखी एक ओळ आहे : "नायट्रेटची रिंग आली त्या दिवशी मात्र मी बघत बसले आणि माझी गाडी चुकली."

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाईट वाटलं. दुसऱ्यांदा सरांचा राग आला. तिसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्याशी थांबले. तू लिहिलंयस, "मी तर सगळं नीट धुतलं होतं, ब्युरेट सोड्याने, पिपेट आणि फ्लास्क ॲसिडने, दोन-दोनदा."

तुझे ११.१ कुठून आले ते बहुधा याच वाक्यात आहे.

ब्युरेट सोड्याने धुतलीस ते बरोबर. आत पाण्याचा ओलावा राहिला असता तर सोडा पातळ झाला असता. पिपेट ॲसिडने धुतलीस तेही बरोबर, कारण तेच. पण कॉनिकल फ्लास्क ॲसिडने धुवायचा नसतो, तो फक्त डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा. पिपेटने तू मोजून १० मिली ॲसिड फ्लास्कमध्ये सोडलंस, पण धुतल्यानंतर काचेला चिकटून राहिलेलं थोडं ॲसिड तिथे आधीपासूनच होतं. ते कुणी मोजलेलं नव्हतं. सोड्याला मोजलेलं आणि न मोजलेलं हा फरक कळत नाही, तो समोर आहे तेवढं सगळं ॲसिड मारतो. फ्लास्क नीट निथळला नाही तर पाऊण-एक मिली सहज मागे राहतं. तुझं रीडिंग बॅचपेक्षा किती जास्त होतं? ०.९ मिली. फ्लास्कमध्ये पाणी राहिलं तर मात्र काही बिघडत नाही. पाण्याने ॲसिड पातळ होतं, पण त्याचं एकूण प्रमाण तेवढंच राहतं.

आता ही चूक का झाली ते बघ. लॅबच्या सूचनापत्रात "ब्युरेट आणि पिपेट ज्याच्या त्याच्या द्रावणाने धुवा" असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. ते वाचून फ्लास्कलाही तोच नियम लावावा असं कुणालाही वाटेल. तू विचार करूनच तसं केलंस. बारावीत स्वतःच्या हाताने एकदा जरी केलं असतंस, तर हे तेव्हाच कुणीतरी सांगितलं असतं. तेव्हा ज्यांनी टेबलावर करून दाखवलं, त्यांच्या वाटचं शिकवणं राहून गेलं आणि त्याचा हिशेब आज तुझ्या जर्नलवर निघतोय.

आणि "माझ्या हाताला येतच नाही" म्हणतेस? तुझे तीन आकडे पुन्हा बघ. १०.९, ११.१, ११.१. पहिलं पायलट रीडिंग, म्हणजे अंदाज घ्यायला केलेलं, आणि पुढची दोन दशांशापर्यंत सारखी. आयुष्यात पहिल्यांदा एकटीने ब्युरेट धरणाऱ्या मुलीची दोन रीडिंग सारखी आली! ज्याचा हात अस्थिर असतो त्याचं १०.३ येतं, मग ११.८, मग १०.७, आणि कारण शोधायचं कुठून तेच कळत नाही. स्टँडवरचं घड्याळ रोज बरोबर दहा मिनिटं पुढे असेल तर माणूस हिशेब करून गाडी पकडतो. कधी पाच मिनिटं पुढे आणि कधी वीस मिनिटं मागे असणारं घड्याळ कुणाच्याच कामाचं नाही. तुझं घड्याळ पहिल्या प्रकारचं आहे. हात स्थिर आहे, कृतीतली एक पायरी चुकली. ती पायरी सुधारायला अर्धा मिनिट आणि थोडं डिस्टिल्ड वॉटर लागतं.

मला खरं तर तुझ्या ११.१ पेक्षा बॅचच्या १०.२ बद्दल जास्त प्रश्न पडले. सगळ्यांचं १०.२? ब्युरेटवर ०.१ मिलीच्या रेघा असतात, आणि एका थेंबाचा फरक साधारण ०.०५ मिली. ॲसिड संपून द्रावण गुलाबी झालं की थांबायचं असतं. कुणी फिकट गुलाबीवर थांबतं, कुणी एक थेंब जास्त टाकतं, कुणाची नजर रेघेच्या थोडी वर असते. प्रामाणिकपणे घेतलेली रीडिंग १०.१, १०.२, १०.३ अशी थोडी पसरतात, आणि ती पसरलेली दिसली की मला बरं वाटतं. अख्ख्या बॅचचा एकच आकडा येतो तेव्हा तो एकाच्या ब्युरेटमधून निघून बाकीच्यांच्या वहीत गेलेला असण्याची शक्यता जास्त.

त्या १०.२ मध्येही सांगण्यासारखं काही आहे. ऑक्झॅलिक ॲसिड ०.१ नॉर्मल (हे तीव्रतेचं माप) धरलं, म्हणजे लिटरला ६.३ ग्रॅम, तर १० मिली ॲसिडला १०.२ मिली सोडा लागला याचा अर्थ सोडा ०.०९८ नॉर्मल निघाला. ०.१ चा बनवायचा म्हणून लिटरला ४ ग्रॅम मोजला असेल, तरी कमी भरला. का? आपल्याकडच्या हवेमुळे. पावसाळ्यात सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीचं झाकण उघडून गोळ्या काट्यावर ठेव आणि बघत राहा. दोन-तीन मिनिटांत त्या चकाकायला लागतात, मग ओलसर होतात, आणि थोड्या वेळाने खालच्या काचेला चिकटतात. त्या हवेतलं पाणी ओढून घेतात, कार्बन डायऑक्साइडही घेतात. म्हणजे वजनात थोडा सोडा असतो आणि थोडा पाऊस. समुद्राकाठच्या लॅबमध्ये आषाढ-श्रावणात हे टळत नाही. म्हणून तर सोड्याच्या वजनावर विश्वास न ठेवता तो ऑक्झॅलिक ॲसिडने तपासून घ्यायचा असतो. तुमचं ते प्रॅक्टिकल नेमकं यासाठीच होतं, आणि "१०.२ आलं पाहिजे" एवढंच डोक्यात राहिलं की हेच नजरेतून सुटतं. तुझे ११.१ धरले असते तर सोडा ०.०९० निघाला असता, म्हणजे खऱ्यापेक्षा आठ टक्के कमी. सरांना ते चालणार नव्हतं हे मी समजू शकते. त्यांनी लाल काट मारण्याऐवजी "फ्लास्क कशाने धुतलास?" एवढं विचारलं असतं, तर तुझं हे पत्र माझ्याकडे आलंच नसतं. वीस मुलं, दोन तास, त्यात वीज जाते, हे सगळं मला माहीत आहे. मी स्वतः लॅबमध्ये शिकवलंय. तरीही सगळ्यांसमोर "कुठून आणलंस" विचारायला नको होतं.

आता तुझा अवघड प्रश्न. खरं लिहू की जुळणारं?

मी एम.एस्सी.ला असताना खाडीकाठच्या एका गावातल्या विहिरींचं पाणी तपासायचं काम माझ्याकडे होतं. पाण्यातलं क्लोराइड मोजायचं. फ्लास्कमध्ये विहिरीचं पाणी, त्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकले की ते पिवळं होतं. वरून ब्युरेटने सिल्व्हर नायट्रेट सोडायचं. आधी दह्यासारखा पांढरा साका धरतो, आणि क्लोराइड संपलं की पुढच्या थेंबाला पिवळ्यावर विटकरी झाक येते. तिथे थांबायचं. माझी बोटं त्या महिन्यात सिल्व्हर नायट्रेटने काळी पडली होती, काजूच्या चिकाने पडतात तशी. दहा विहिरींपैकी नऊ विहिरींचे आकडे एकमेकांच्या जवळ आले. एका विहिरीला मात्र तिपटीने जास्त सिल्व्हर नायट्रेट लागलं. मी दुसऱ्यांदा केलं, तेवढंच. मला वाटलं, बाटली नीट धुतली नव्हती, माझंच चुकलं. पुन्हा गावात जाऊन पाणी आणायचा कंटाळा केला आणि बाकीच्यांच्या जवळचा एक आकडा लिहून टाकला. रिपोर्ट गेला. पुढच्या वर्षी दुसऱ्या कामाला त्याच गावात गेले, तेव्हा त्या विहिरीवर पाणी भरणारी एक आजी म्हणाली, "बाय, ही वैशाखात मचूळ होता. आम्ही हीचा पाणी पीत नाय."

खाडीचं पाणी उन्हाळ्यात त्या विहिरीत शिरत होतं. माझ्या ब्युरेटने ते मला सांगितलं होतं आणि मी ते खोडलं होतं. त्या आजीकडे बघायला मला लाज वाटली. ती लाज अजून गेलेली नाही, म्हणून तुला एवढं सविस्तर सांगतेय.

न जुळणारा आकडा जपून ठेवणारा माणूसही तुला सांगते. इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले नावाचे शास्त्रज्ञ नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून काढलेला नायट्रोजन आणि अमोनियासारख्या संयुगांपासून बनवलेला नायट्रोजन, दोन्ही एकच वायू, मग घनताही एकच यायला हवी. येईना. हवेतला नायट्रोजन दरवेळी किंचित, अर्ध्या टक्क्यापर्यंत, जड भरायचा. अर्धा टक्का म्हणजे तुझ्या ब्युरेटवर एक थेंब! रॅले यांनी तो आकडा जुळवून घेतला नाही. १८९२ साली त्यांनी 'नेचर' या नियतकालिकाला पत्र लिहून वाचकांनाच विचारलं, मला या फरकाचं कारण कळत नाही, कुणाला सुचतं का? तू मला लिहिलंस तसंच, जवळजवळ. दोन वर्षांनी, १८९४ मध्ये, त्यांना आणि विल्यम रॅमसे यांना त्या अर्ध्या टक्क्यात लपलेला आर्गॉन सापडला. १९०४ चं नोबेल दोघांनाही मिळालं, रॅले यांना भौतिकशास्त्राचं आणि रॅमसे यांना रसायनशास्त्राचं.

तू देवगडच्या बाजूची, म्हणून एक जाता जाता सांगते. विजयदुर्ग किल्ल्यातल्या 'साहेबाचे ओटे' नावाच्या चौथऱ्यांवरून १८६८ साली हेलियमचा शोध लागला असं आपल्याकडे अभिमानाने सांगतात. तो शोध ज्यांच्या नावावर सांगतात ते इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ सर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला आले होते हे खरं, पण ते १८९८ च्या जानेवारीतल्या खग्रास ग्रहणाला. १८६८ साली ते इंग्लंडमध्ये होते आणि सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची ती पिवळी रेघ त्यांनी तिथूनच पाहिली. आणि विजयदुर्गच्या ग्रहणाच्या आधीच, १८९५ मध्ये, रॅमसे यांनी हेलियम पृथ्वीवरच्या खनिजातून काढूनही दाखवला होता. विजयदुर्गचं खरं ग्रहण पुरेसं मोठं आहे, त्याला तीस वर्षं मागे न्यायची गरज नाही. हे आज आपल्याला सांगता येतं, कारण कुणीतरी त्या-त्या दिवशी तारखेसकट नोंदी केल्या आणि त्या बदलल्या नाहीत.

तेव्हा खरं रीडिंग लिही. पण नुसतं लिहून गप्प बसू नकोस, कारण मग पुन्हा लाल काट येईल आणि तू पुन्हा रडशील. आकड्याखाली एक ओळ लिही : "रीडिंग अपेक्षेपेक्षा ०.९ मिली जास्त. संभाव्य कारण : फ्लास्क ॲसिडने धुतला." ही एक ओळ ज्या जर्नलमध्ये दिसते, त्या मुलाला व्हायवामध्ये (तोंडी परीक्षेत) काय विचारायचं ते परीक्षकाला आयतं मिळतं, आणि मुलाला त्याचं उत्तर आधीच माहीत असतं. वेळ उरला तर सरांना विचारून पुन्हा कर आणि दुसरा तक्ता शेजारी लिही. चुकलेला आकडा खोडताना त्यावर एकच आडवी रेघ मार, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला तारीख नि सही कर. व्हाइटनर लावू नकोस, रबराने पुसू नकोस. लोटे-परशुराम, महाड, रोहा इथल्या एमआयडीसीतल्या कुठल्याही औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, लॅबमध्ये नोंद अशीच करतात. आपल्या भागातल्या बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या मुलांच्या नोकऱ्या बऱ्याचदा तिथेच असतात, आणि तिथे जुळवलेला आकडा सापडला तर नोकरीवर बेतू शकतं.

गुणांची भीती तुला वाटणारच, ती खोटी नाही. जर्नलच्या सहीला आणि अचूकतेला गुण असतात. पण परीक्षेच्या दिवशी बाटलीतल्या द्रावणाची तीव्रता बदलून देता येते. शेजारणीची बाटली वेगळी असली की तिचा आकडा तुझ्या उपयोगाचा नाही. वर्षभर आकडे उतरवणारी मुलं त्या दिवशी ब्युरेटचा नळ धरून नुसती उभी राहिलेली मी पाहिली आहेत. उतरवलेल्या त्या एका प्रॅक्टिकलबद्दल स्वतःला फार कोसू नकोस. जमलं तर मोकळ्या तासाला परवानगी घेऊन ते स्वतः करून बघ आणि वहीत जोड.

जोडीदारणीशी भांडू नकोस. ती वाईट नाही, तिला घाई आहे, आणि तू वही धरून उभी राहतेस त्यामुळे तिला ते सोयीचं पडतं. लॅबमध्ये शिरतानाच, ॲप्रन घालता घालता सांग : "आज पायलट तू कर, पुढची मी करते. आकडे आज तू लिही." एवढंच वाक्य. प्रॅक्टिकल सुरू झाल्यावर मागायला गेलीस तर तिच्या हातातून काढून घेतल्यासारखं होईल. ती कुरकुरली तर सरांना जोडी बदलायला सांगता येतं, पण आधी दोन आठवडे हे करून बघ.

सरांना एकदा स्टाफरूममध्ये भेट. लॅबमध्ये नको, तिथे त्यांना वीस जण हाका मारत असतात. वही घेऊन जा आणि "सर, माझं चुकलं का?" असं विचारू नकोस. विचार, "सर, माझं रीडिंग जास्त का आलं असेल? मी फ्लास्क ॲसिडने धुतला होता." पहिल्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर मिळतं. दुसऱ्याला बहुतेक शिक्षक खुर्ची पुढे सरकवतात. सरांशी बोलायला धीर होत नसेल, तर लॅबमधल्या काकांकडे जा. द्रावणं तेच बनवतात, कुठल्या ब्युरेटचा नळ गळतो आणि कुठल्या नळाच्या टोकाला हवेचा बुडबुडा अडकून राहतो ते त्यांना पाठ असतं. बाहेरगावच्या मुलांना कॉलेजात पहिल्यांदा आपल्या बोलीत बोलणारा माणूस बहुधा तेच भेटतात.

इंग्रजीचं तू पत्रात ओझरतं लिहिलंयस, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. जर्नलच्या मागच्या पानावर स्वतःची शब्दांची यादी कर, पण डिक्शनरीतले अर्थ लिहू नकोस. हाताने काय करायचं ते लिही. 'रिन्स' म्हणजे थोडं द्रावण घालून फिरवून टाकून देणं. 'मेनिस्कस' म्हणजे नळीतल्या द्रावणाचा खोलगट काठ, रंगहीन द्रावणाचा तळ वाचायचा. परमँगनेटसारख्या गडद द्रावणाचा तळ दिसतच नाही, तेव्हा वरचा काठ वाचायचा. महिनाभरात ती यादी दोन पानांची होईल आणि मग लागणारही नाही.

पिपेटचं आजच घरी सांग. काच फुटते. ज्याने लॅबमध्ये एकही वस्तू फोडली नाही, त्याने बहुधा हातच लावलेला नाही. मला काळजी पैशांपेक्षा तुझ्या हाताची वाटली, कारण तू लिहिलंयस की द्रावण ओढायचा रबरी फुगा बसवताना ती मोडली. पिपेट लांबून, मधल्या फुगीर भागाशी धरून फुगा दाबला की ती मध्येच तुटते आणि काच तळहातात घुसते. फुग्यात जाणारं टोक ओलं कर, टोकापासून बोटभर अंतरावर धर आणि न दाबता फिरवत बसव. आणि फुगा मिळाला नाही म्हणून तोंडाने ओढू नकोस, समोर कुणीही ओढत असलं तरी.

हाताला सराव हवा असेल तर त्याला लॅबच लागते असं नाही. रविवारी घरी करून बघ. पानाच्या डब्यातला चुना वाटाणाभर घे, पेलाभर पाण्यात ढवळ, रात्रभर ठेव आणि सकाळी वरची स्वच्छ निवळी काढ. ती डोळ्यांत जाऊ देऊ नकोस. काचेच्या वाटीत थोडी निवळी घेऊन चिमटीत मावेल त्याहून कमी हळद टाक, ती लाल होईल. हळदीचं कुंकू होतं ते याच गुणाने. आता सुई काढलेल्या सिरिंजमध्ये गाळलेला लिंबाचा रस पाण्यात पातळ करून भर. वाटीखाली पांढरा कागद ठेव आणि थेंब थेंब सोडत ढवळत राहा. आधी थेंब पडतो तिथे पिवळा ठिपका उमटतो आणि लगेच विरतो. मग तो विरायला वेळ लागायला लागतो. तिथून पुढे सावकाश. एक थेंब असा येतो की सगळी वाटी पिवळी होते आणि तशीच राहते. थेंब मोज. निवळी तेवढीच घेऊन तीनदा कर. तिन्ही वेळा एक-दोन थेंबांच्या आत आलीस, तर लॅबमध्ये फिनॉल्फ्थॅलीनच्या (हळदीसारखंच रंग बदलणारं द्रव्य) वेळी तुला कुणाकडे बघावं लागणार नाही. तिथे रंगहीनावरून फिकट गुलाबी होतं आणि अर्धा मिनिट टिकलं की थांबायचं. गडद होण्याची वाट पाहिली तर सोडा जास्त गेलेला असतो. आणि थोड्या वेळाने तो गुलाबी आपोआप उडाला तर घाबरून आणखी थेंब टाकू नकोस, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला फिका करतो.

राहिला आर्ट्सचा प्रश्न. आर्ट्सला जाणं म्हणजे हरणं, असं मी म्हणणार नाही. तुला इतिहास आवडत असेल, भाषेत जीव रमत असेल, तर जरूर जा, आणि ताठ मानेने जा. पण तुझ्या चार पानी पत्रात आर्ट्समधल्या एकाही विषयाचं नाव नाही. तिकडे काय आहे म्हणून तू निघालेली नाहीस. इथल्या एका मंगळवारपासून तुला लांब जायचंय. अशा मनःस्थितीत घेतलेला निर्णय तिकडेही पहिल्या अवघड दिवशी डळमळतो. म्हणून हे सेमिस्टर पुरं कर, आणि उरलेल्या प्रॅक्टिकलांपैकी निदान चार सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने कर. त्यानंतरही लॅबच्या आदल्या रात्री पोटात गोळा येत असेल, तर मला पुन्हा लिही. मग कुठला विषय, कुठलं कॉलेज, वडिलांशी कसं बोलायचं, हे आपण नीट बघू. केमिस्ट्रीची थिअरी आवडते पण लॅब नको, असंही निघू शकतं. सायन्समध्ये राहूनही वेगळे विषय घेता येतात.

मला मात्र ती शेवटची ओळ राहून राहून आठवते. नायट्रेटची रिंग. द्रावणात नायट्रेट आहे का ते ओळखायला त्यात ताजं फेरस सल्फेट घालायचं, परीक्षानळी तिरकी धरायची, आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड काचेच्या कडेकडेने इतकं हळू सोडायचं की ते न मिसळता खाली जाऊन बसलं पाहिजे. दोन थरांच्या मधोमध ती पातळ तपकिरी कडी उमटते. हात जरा हलला तर दोन्ही थर मिसळतात आणि काही दिसत नाही. तुझी रिंग इतकी टिकली की ती बघताना तुझी गाडी सुटली. "हाताला येत नाही" लिहिणाऱ्या मुलीने त्याच पत्रात हे लिहिलंय.

येत्या मंगळवारी फ्लास्क डिस्टिल्ड वॉटरने धू. जे रीडिंग येईल ते आधी पेनने वहीत लिही आणि मगच शेजारी काय आलंय ते बघ. नंतर मला कळव, दशांशासकट.